दुधाचे दात

३ मार्च, मंगळवार

आज दवाखान्यात अकरा वर्षांची मुलगी आली आणि एकही दात पडलेला नाही! एक्स-रे मीच काढला. हिरडीखाली दातांमागे दात, आडवे, उलटे — मोजता मोजता चुकले. सगळे तयार, पण वर यायचं नाव नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खांदे पुढे आण बघू." आणले — हनुवटीखाली दोन्ही खांदे एकमेकांना टेकले! गळ्याखालची आडवी हाडंच नाहीत. मुलगी हसत होती.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. कपाळ रुंद, डोळे एकमेकांपासून लांब, चेहरा इवलासा — हुबेहूब आमचा लेक!

४ मार्च, बुधवार

तो आठ वर्षांचा. त्याचाही एक दात हललेला नाही. शेजारी चिडवतात, "दुधाचे दात पडले नाहीत अजून, आणि आम्हाला शहाणपण शिकवतोय!" मीही हसायचे. आज आंघोळीच्या वेळी त्याच्या खांद्यांकडे बघत राहिले. पुढे आण म्हणायची हिंमत झाली नाही.

आठ महिन्यांचा असताना संस्थेतून दत्तक आणला त्याला. दवाखान्यात हे कुणालाच माहीत नाही. त्यालाही नाही.

९ मार्च, सोमवार

हे म्हणाले, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?" नेलं त्याला. तेच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर कळलं ते बरं. जास्तीचे काढू, अडकलेले एकेक ओढून घेऊ. वर्षं लागतील, पण होईल." मग विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"सासरी कुणाला तरी आहे," मी म्हणाले. धडधडीत खोटं! लाज वाटली.

ती मुलगी हुबेहूब याच्यासारखी कशी, ते विचारलं. हसल्या. "या आजाराचा चेहराच तसा. अशी मुलं एकमेकांची भावंडंच वाटतात." हायसं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

दवाखान्याबाहेरच्या बाकावर लेक आणि ती मुलगी शेजारी शेजारी. मुलीची आई एकटक माझ्या लेकाकडे बघत होती.

"किती वर्षांचा?"

"आठ."

"कुठल्या महिन्यातला?"

ऐकलंच नाही असं केलं आणि त्याला हाताला धरून आत नेलं. तो खूश — "आई, ती ताई माझ्यासारखी आहे!"

१३ मार्च, शुक्रवार

मुलीची आई आज एकटीच आली. घरच्यांच्या माहितीचा कागद भरून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. 'भावंडं'पुढे लिहिलंय — एक भाऊ. नाव माहीत नाही. जन्मतारीख मात्र लिहिलीय.

माझ्या लेकाची.