जिन्याखालच्या खुर्च्या

मी, खाली सही करणारा, धंद्याने सायकल दुरुस्त करणारा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात न पिरगाळता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे, मरायची घाई नाही.

१. खालचे घर आणि दुकान माझ्या मुलीला. जावयाला बोर्ड बदलायचा असेल तर खुशाल बदलावा. रंग मात्र मुलीने निवडावा. जावयाची आवड मी त्याच्या लग्नातल्या सुटात पाहिली आहे.

२. बँकेतली शिल्लक आमच्या 'चाकमंडळा'ला. मंडळ म्हणजे मी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ते कसे निघाले तेही लिहितो, नाहीतर उद्या मेहुणा स्वतःच्या नावावर खपवेल.

माझी पत्नी शेवटच्या आजारात सरकारी इस्पितळात होती. तपासणी वरच्या मजल्यावर, म्हणून मी तिला पाठीवर घेऊन जिना चढायचो. ती कानात म्हणायची, "हळू, मी काही सायकल नाही." जिन्याखाली चाकांच्या मोडक्या खुर्च्यांचा ढीग पडलेला असे. ती गेल्यावर मी त्यातली एक दुकानात आणली, छर्रे बदलले, वाकडे चाक सरळ केले आणि परत नेली. मेट्रनबाईंनी दारातच अडवले.

"सरकारी सामान आहे हे. कोणाला विचारून नेलंत?"

"कोणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. तेवढ्यात एक बाई म्हाताऱ्या सासऱ्यांना पाठुंगळी घेऊन धापा टाकत आत आली. मेट्रनबाईंनी माझ्या हातातली खुर्ची ओढली, आजोबांना बसवले आणि स्वतः ढकलत नेली. जाता जाता म्हणाल्या, "बघत काय राहिलात? दुसरी उचला!"

मग इस्त्रीवाला आणि मास्तरही खुर्च्या दुरुस्त करायला दुकानात येऊ लागले; आता त्या जिन्याखाली फक्त झाडू असतो.

३. पाने, पकडी आणि पंप इस्त्रीवाल्याला; त्याचा हात आता बसला आहे. मेहुणा आम्हाला 'भंगारवाले' म्हणायचा आणि पाय मोडल्यावर आमच्याच खुर्चीतून मिरवला. त्याला एक जुनी घंटी. चांगली वाजते.

४. वरची खोली मेट्रनबाईंना. निवृत्तीनंतर त्या भाड्याच्या घरात एकट्याच राहतात. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी त्यांनाच विचारले, "सही करता की खोली घेता?"

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. आणि खोलीसाठी तुमच्या मरणाची वाट बघत बसायला मला वेळ नाही."

मुलीला फोन करून सांगितले. ती इतकी हसली की पुढचे बोलणे जावयाने केले. "बाबा, सामान आणायला टेम्पो मी सांगतो," म्हणाला.

सबब या कलमात दुरुस्ती: खोली माझ्या पश्चात त्यांचीच, परंतु त्या येत्या सोमवारीच राहायला येत आहेत. वर जायच्या जिन्याचा कठडा मी घट्ट करून ठेवला आहे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. आधी ते हसले, मग आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
(सही) शेजारचे शिंपीकाका
(सही) औषधांच्या दुकानातल्या ताई

लिहून ठेवणार:
(सही) सायकलवाला

स्थळ: माझे दुकान
दिनांक: १४ जून, शनिवार