गाडीचं छत, सु. आणि मी

३ फेब्रु., मंगळ.
गाडीच्या छताचं लोंबणारं कापड आज सु.च्या अंबाड्याच्या आकड्याला अडकलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवतायत आणि बाईसाहेब मान वर करून बसलेल्या. मी हसलो. छत्तीस वर्षांच्या संसारात चुकीच्या वेळी हसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना. काचबिंदू वाढलाय. डॉक्टर म्हणाले, "काका, स्टिअरिंग आता सोडा." शेजारची निकिता (बँकेत असते) येऊन गाडी घरी घेऊन आली. मी मागच्या सीटवर. सतरा वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं.

५ फेब्रु., गुरु.
गाडी विकायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. विंचूरचे एक गृहस्थ पंधरा-वीस दिवसांत बघायला येणार. पण असलं छत दाखवायचं कसं?
सु. : "छत मी करते."
"ब्लाउज नाहीये तो."
"कापडच आहे ना?"
तीस वर्षं कॉलनीभरचे ब्लाउज शिवलेत तिनं.

७ फेब्रु., शनि.
द्वारका चौकाजवळ सलीमभाईंचं सीट कव्हरचं दुकान. काल आणि आज दुपारी सु. तिथं स्टुलावर बसून आली. आज मीही होतो. ते म्हणत होते, "भाभी, गाडी छोड़ दो ना इधर, दोन दिवसांत करून देतो." हिला करून नको होतं, बघायचं होतं. शेवटी त्या भल्या माणसानं सगळं दाखवलं. छताच्या आतल्या पुठ्ठ्याला आणि कापडाला, दोन्हीकडं चिकटवायचं सोल्युशन लावायचं (वासानं डोकं धरतं) आणि थांबायचं. "उलट्या बोटानं बघायचं, भाभी. बोटाला चिकटलं तर अजून कच्चं. आणि एकदा बसलं की उचलायचं नाय."
घरी येईपर्यंत रिक्षात उजळणी चालू.

१० फेब्रु., मंगळ.
पुठ्ठा परवा निघाला. निकिता मदतीला. दिवा, हँडलं, काचेवरच्या उन्हाच्या झडपा काढल्या, क्लिपा सगळ्या वाटीत. मग डिकीतून तिरका करून बाहेर. जुनं कापड ओढल्याबरोबर आलं. आतल्या फोमचं पिवळं पीठ झालेलं, ते तिघांच्या अंगावर.
मी म्हटलं, वरूनच नवीन चिकटवू.
"पिठावर काय चिकटणार?"
दोन दिवस कपड्यांच्या ब्रशनं पुठ्ठा घासतेय, नाकाला पदर बांधून. मला एक कोपरा दिला होता. तो तिनं परत घासला.

१३ फेब्रु., शुक्र.
माझा पराक्रम. छतासाठी आणलेल्या नव्या कापडानंच दारांचे पॅड पण करायचेत. सु. भाजीला गेली, म्हटलं एक उरकून ठेवू. सोल्युशन लावलं, लगेच कापड दाबलं. ओलं सोल्युशन कापडातून वर आलं. भज्यांच्या कागदासारखे डाग.
ती आली, पाहिलं. "बोट लावून बघितलंत?"
नाही.
पिशवी ठेवली आणि दुसरं कापड कापायला घेतलं. बस, एवढंच. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

१५ फेब्रु., रवि.
छत!
पार्किंगमध्ये दोन बाकांवर पुठ्ठा. कापड आधी कोरडंच पसरून मधोमध खडूची रेघ. अर्धं दुमडून सोल्युशन. थांबणं. निकिता म्हणते, "झालं असेल काकू." उलटं बोट. नाही. परत बोट. नाही. तिसऱ्यांदा मान हलवली आणि मग मधून कडेकडे तळवा फिरवत निघाली. दिव्याच्या खळग्यावर मला वाटलं ती कापड ताणेल. ताणलं नाही; बोटांनी हळूच आत बसवत गेली. ताणलं असतं तर उद्या तिथूनच सुटतं, म्हणाली. मग उरलेलं अर्धं. एक सुरकुती नाही.
हे हात मी इतकी वर्षं मशीनवर बघत आलो आणि कधी नीट बघितलेच नाहीत. अभिमान वाटला. तोंडानं सांगितलंही, "छान झालंय."
"आठ दिवस गाडी उन्हात उभी राहू दे, मग सांगा."

२२ फेब्रु., रवि.
पुठ्ठा परत चढवून गाडी आठ दिवस उन्हात. कुठं फुगा नाही, कड सुटलेली नाही.
विंचूरकर आले. आधी छताकडंच बघितलं. हात फिरवला. "कुठल्या दुकानात केलं हो?"
सु. म्हणाली, "घरात."
गाडी पसंत. कधी नेणार ते कळवतो म्हणाले.
ते गेल्यावर सु. ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. "सतरा वर्षं डावीकडं बसले. निकिता शिकवते म्हणालीय."
"अठ्ठावन्नाव्या वर्षी?"
"डोळे चांगले आहेत माझे."
बोचलं. पण खरं आहे. माझी गाडी संपली म्हणजे घरातली गाडी संपली, असंच मी धरून चाललो होतो. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

४ मार्च, बुध.
लर्निंग लायसन्स आलं. परीक्षेत एकच उत्तर चुकलं म्हणून संध्याकाळपर्यंत हळहळतेय. मी विंचूरकरांना फोन करून नाही म्हणायला हवं, की हो म्हणायला? सु. विचारत नाही. मीही.

८ मार्च, रवि.
सकाळीच विंचूरहून फोन. "साहेब, उद्या न्यायला येतो. नक्की ना?"
म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. पलीकडं जरा हसल्यासारखं वाटलं.
सु.ला हाक मारली. पुन्हा मारली. गॅलरीत जाऊन खाली बघितलं.
गाडीही नव्हती.