धप्पा पहेलवानाची भाची

सावखेडे, ता. पारोळा
८ जून २०२५

चि. हेमराज यास सरलाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पोस्टाची तिकिटं कशाला, असं तुला वाटेल. मागच्या महिन्यात मी तुला फोनवर झापलं, ते तू जसंच्या तसं व्हिडिओत घातलंस आणि मागे ढोलकी लावलीस. आता आठवडी बाजारात कांदेवाली मला माझाच आवाज ऐकवते. म्हणून यापुढे जे बोलायचं ते कागदावर. हे पत्र कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलंस तर राखी बंद, एवढं लक्षात ठेव.

आता कामाचं. हर्षदाला परवा अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसवते आहे. ऑगस्टमध्ये जळगावला क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आहे. निवड झाली तर पोरगी कुस्तीत पुढे जाईल. नाही झाली तर तुझ्या दाजींनी बारडोलीच्या साखर कारखान्यातलं स्थळ बघून ठेवलंय. मुलगा चांगला आहे म्हणतात. हर्षदा एकोणीस वर्षांची आहे आणि त्या मुलाचं नाव निघालं की जोर मारायला सुरुवात करते.

गावात तिला शिकवणारं कोणी नाही. तू एके काळी पारोळ्याचं मैदान मारलं होतंस, हे अजून काही म्हाताऱ्यांना आठवतं. त्या भरवशावर पाठवते आहे, तुझ्या चॅनलच्या नाही.

लोभ आहेच. तो कमी होईल असं वागू नकोस.

तुझी,
सरलाताई

डिंडोली, सुरत
१३ जुलै २०२५

ती. सौ. सरलाताईस हेमराजचा शि. सा. नमस्कार.

ताई, इकडे एकदम मोज आहे. तुझं पत्र मी व्हिडिओत वाचलं नाही. फक्त पाकीट दाखवलं. लोकांना फार आवडलं.

तू माझ्या चॅनलवरच्या पडण्याची थट्टा करतेस, पण ऐक. गुडघा गेला आणि कापडाच्या लूमच्या खात्यात कामाला लागलो, तेव्हा मी पहिलवान होतो हे शेजारच्या लूमवरच्यालाही माहीत नव्हतं. मग गणपतीत मंडळाच्या पोरांना डाव दाखवताना स्टेजची फळी निसटली आणि मी मोदकांच्या ताटात धप्पकन बसलो. कोणीतरी ते फोनवर घेतलं आणि आठवड्यात सगळं सुरत मला धप्पा पहेलवान म्हणायला लागलं. जिंकत होतो तेव्हा माझा फेटा गावाच्या वेशीपर्यंत पोचला, पडलो तेव्हा हजीऱ्यापर्यंत नाव गेलं. तिथल्या एका कंपनीनं वार्षिक कार्यक्रमात खास पडायला बोलावलं. मार्केटातल्या साडीवाल्यानं साड्यांच्या गठ्ठ्यावर पाडलं. वर शाल दिली आणि लोचो खाऊ घातला.

हर्षदाची काळजी करू नकोस. रोज सकाळी आम्ही आखाड्यात उतरतो. ती ढाक मारते, मी धप्पकन पडतो, ती मला सोडून हात झटकते आणि स्टँडवरच्या फोनकडे वळून शड्डू ठोकते. सगळं एका टेकमध्ये! आमची मामा-भाचीची जोडी जबरदस्त चालते आहे. तिचा चेहरा जरा रागीट दिसतो, तेवढा सुधारतो. निवड झालीच समज. दाजींना सांग, बारडोलीला नकार कळवून टाका.

कळावे. लोभ असावा, आणि जमल्यास सबस्क्राईब पण.

तुझा लाडका,
हेमराज

सावखेडे
२४ ऑगस्ट २०२५

हेमराज यास,

आशीर्वाद या वेळी हातचे राखून ठेवले आहेत.

जळगावच्या चाचणीला मी स्वतः गेले होते. हर्षदानं पहिल्याच झटक्यात समोरच्या पोरीला अशी ढाक मारली की माझ्या शेजारच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मीही उभी राहिले. पोरगी खाली होती. फक्त वर बसून दोन्ही खांदे टेकवायचे राहिले होते. आणि माझ्या आंडेरनं, पोटच्या पोरीनं, काय करावं? तिला सोडलं, हात झटकले, कोपऱ्याकडे वळली आणि शड्डू ठोकला. त्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता. ती त्या जारकडे बघून हसत होती, तेवढ्यात त्या पोरीनं मागून तिचा पाय ओढला आणि चीत केलं.

वा रे वस्ताद! दोन महिन्यांत पोरीला काय पक्कं शिकवलंस. जो माणूस हात लागायच्या आत पडतो, त्याच्याशी लढून ती लढणंच विसरली. तिला वाटतं, पाडलं की काम संपलं. तुझं संपत असेल, तिचं तिथून सुरू होतं.

तुझ्या दाजींनी बारडोलीला फोन लावलाच होता. मी पाया पडून दुसरी चाचणी होईपर्यंतची मुदत मागितली. ती नोव्हेंबरात आहे. पोरगी घरी आल्यापासून ताट अर्धं टाकून उठते, आणि मला ते बघवत नाही, हेमराज. एवढं होऊनही तिला परत तुझ्याकडेच यायचंय. मी कारण विचारलं, तर म्हणाली की मामाला सगळं येतं, फक्त तो करत नाही. मला काही हे पटलेलं नाही. तरी पाठवते आहे.

लोभाचं दिवाळीनंतर बघू.

सरला

डिंडोली, सुरत
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही.

हर्षदा आली त्याच दिवशी फोन घरी ठेवून आखाड्यात उतरलो. तिनं ढाक मारली, मी पडलो नाही. तिला वाटलं, मी विसरलो. पुन्हा मारली, मी तिलाच पाडलं. मग रोज तेच. गुडघा सुजला, पण बांधून उतरत राहिलो. पोरगी रडायची, मला वाट्टेल ते बोलायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसायची. चॅनलवर नवं काही नाही म्हणून लोक गळताहेत. एकानं विचारलं, धप्पा पहेलवान वारला का? साडीवाल्यानं दुसरा पडणारा शोधलाय. बरा पडतो.

काल मात्र ऐक. तिनं ढाक मारली, मी सगळा जोर लावला, तरी गेलो. पडलो आणि सवयीनं वाट बघत राहिलो की आता सोडेल. सोडलंच नाही! छातीवर बसून तिनं दोन्ही खांदे मातीत असे दाबले की मला मातीवर हात आपटावा लागला. ताई, मी शेकडो वेळा पडलोय, खराखुरा कालच पडलो. आणि नेमकं तेच कोणाच्या फोनमध्ये नाही. तुला विश्वास ठेवावा लागेल.

अक्षर खराब आहे. उजवा खांदा तिनं उखडलाय, डाव्या हातानं लिहितो आहे. त्यामुळे चाचणीला मला येता येणार नाही. दाजींना सांग, व्हिडिओ काढून पाठवा. चॅनलसाठी नाही, मला बघायचाय.

लोभ मागत नाही. उरला असेल तर असू दे.

हेमराज

सावखेडे
२३ नोव्हेंबर २०२५

चि. हेमराज यास सरलाताईचे पोटभर आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

हर्षदा निवडली गेली. पुढच्या सोमवारी वसतिगृहात जाते आहे. ऑगस्टात जिनं पाय ओढला तीच पोरगी समोर होती; तिचीही तेव्हा निवड झाली नव्हती. आपल्या बाईनं ढाक मारली आणि तिच्यावर अशी बसली की पंचानं मॅटवर हात आपटला, शिट्टी फुंकली, तरी उठेना. शेवटी दोघांनी दंडाला धरून ओढली, तेव्हा कुठे त्या बिचारीचा श्वास मोकळा झाला. पंचानं विचारलं की हिला शिकवलं कोणी. मी तुझं नाव सांगितलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करते आहे.

व्हिडिओ मात्र विसर. तुझ्या दाजींनी फोन धरला होता, पण पोरीनं ढाक मारताच ते फोनासकट टाळ्या वाजवायला लागले. मग रुमाल शोधत बसले. फोनमध्ये त्यांची चप्पल आहे आणि वर मंडपाचं कापड. बारडोलीला त्यांनी रात्री स्वतःच फोन करून नकार कळवला.

म्हणजे तू खरा पडलास ते कोणी पाहिलं नाही, ती जिंकली तेही कोणाला दाखवता येणार नाही. राहू दे. तुझ्या डाव्या हाताच्या पत्रावर मी पहिल्या वाचनातच विश्वास ठेवला होता, तूही माझ्यावर ठेव.

खांद्याला हळद-तेल लाव. बरा झालास की ये, पारोळ्याच्या जत्रेत या वर्षी मुलींच्या कुस्त्या आहेत आणि पोरींना वस्ताद हवाय. फोन वेशीवर ठेवून यायचं.

लोभ आहे, होता, आणि त्याला मागे ढोलकी नको.

तुझी,
सरलाताई