नदीपलीकडचा रस्ता कुणाचा?

लायल भावोजींना वेल्डा वहिनीचा रविवार सकाळचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? (बरा असावा अशी माझी फार इच्छा आहे.) मार्जोरीला सांगा, मुरंबा संपला, बरणी धुऊन ठेवली आहे. फोन करत नाही, कारण आपल्या सामायिक लाइनीवर अर्धी काउंटी कान लावून बसलेली असते. चर्चहून परतणाऱ्या कार्लच्या हाती हे पत्र देते. मी ठीक आहे. ऑरिन गेल्यापासून एका जागी बसवत नाही, एवढंच. हे लिहितानाही उठून कोंबड्यांना पुन्हा दाणे टाकून आले. आता त्यासुद्धा माझ्याकडे संशयाने बघतात.

आपल्या काउंटीला शंभर वर्षं होताहेत म्हणून गुरुवारी चर्चच्या तळघरात सभा झाली. तिचा इतिहास-भूगोल सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण माझी शाळा लहानपणीच सुटली तरी वाचनालयातलं त्या विषयाचं कपाट मी वाचून संपवलं आहे (कपाट लहान आहे). इतिहास सोपा आहे. नदीपलीकडच्या डेल्मर काउंटीवाल्यांनी भर हिवाळ्यात आपली कोर्टाची लाकडी इमारत घसरगाडीवर चढवून गोठलेल्या नदीवरून पळवली, मध्यावर बर्फ फुटला, कोर्ट बुडालं, आणि न्यायाधीशाची खुर्ची तेवढी वर आली. त्यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. खुर्ची त्यांच्याकडे आहे.

भूगोल अवघड. हद्द म्हणजे नदीचा मध्य, असं माणसांनी ठरवलं; नदीला कुणी विचारलं नाही. मोठ्या पुरात तिने पात्र बदललं आणि दफनभूमीच्या टेकडीच्या अलीकडून वाहायला लागली, म्हणून आपली टेकडी पलीकडे गेली. पुस्तक म्हणतं, नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्यामागे जाते, पण तिने उडी मारली तर हद्द जुन्या कोरड्या पात्रातच राहते. आपली नदी उडी मारून गेली, हे निम्म्या गावाने छपरावर बसून पाहिलं आहे. पण रस्ता दुरुस्त करायची वेळ आली, की डेल्मरवाल्यांना तिने उडी मारलेली आठवते आणि आपल्यांना ती सरकलेली; खर्च दोघांनाही नको.

म्हणून ज्या ऑरिनने जन्मभर काउंटीचा ग्रेडर चालवून प्रत्येक मुरमाचा रस्ता खरवडून सपाट केला, त्याच्या थडग्याकडे जाणारा रस्ता कुणीच करत नाही. गेल्या वर्षी थडग्यांवर फुलं वाहायच्या सोमवारी सगळ्यांच्या गाड्या चिखलातूनच परतल्या. लोकांनी पिओनीची फुलं खोचलेले कॉफीचे रिकामे डबे पुलाच्या कठड्यावर ठेवले आणि घरी जाऊन बटाट्याचं सॅलड खाल्लं. उद्या पुन्हा तोच सोमवार. मी सभेत इतिहास आटोपता घेतला आणि हे विचारलं. कमिशनर ड्वेन केटलर खुर्चीत सावरून बसला.

"वेल्डाबाई, नदीपलीकडचा रस्ता आपला नाही हो."

"मग पलीकडची मेलेली माणसं कुणाची?"

"ती देवाची."

"देवाकडे ग्रेडर आहे का, ड्वेन?"

लोक हसले, कुणीतरी कॉफी फिरवली आणि विषय मिरवणुकीच्या बँडवर गेला. गाजर घातलेली जेली मात्र चांगली झाली होती.

काल दुपारी पाय मोकळे करायला म्हणून काउंटीच्या शेडकडे गेले. ग्रेडर उभा होता, किल्ली आतच. (आपल्याकडे किल्ली काढून नेणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं.) ऑरिनचा डबा घेऊन जायची तेव्हा तो मला शेजारी उभी करून न्यायचा, पातं कसं तिरकं धरायचं ते दाखवायचा. मी चढले आणि निघाले. वाटेत जो भेटला त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. मीही उचलली. ड्वेननेसुद्धा उचलली! आत कोण आहे हे कुणी पाहिलंच नाही. तेव्हापासून मनात येतं, इतकी वर्षं हे लोक ऑरिनला नमस्कार करत होते की ग्रेडरला? पण त्याने कुणाचा नमस्कार चुकवला नाही, म्हणून मीही चुकवला नाही.

रस्ता टेकडीच्या फाटकापर्यंत झाला. फाटकाशी यंत्र बंद केलं. इतकी शांतता झाली, की "डबा आणलाय," असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग पुन्हा सुरू केलं.

मार्जोरीला आठवण. गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
वेल्डा वहिनी

ता. क. वळायला जागा हवी म्हणून टेकडीपलीकडे जुन्या पात्रात उतरले, तिथे ग्रेडर रुतला. पुढची चाकं डेल्मरमध्ये, मागची आपल्याकडे. तुमचा मोठा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आजच या. आपल्या बाजूने ओढा. पुढून ओढलात तर खुर्चीसारखा तोही त्यांचा होईल.

आणखी एक. बाहेर निघाला की त्याचं तोंड शेडकडे करू नका. रस्त्याच्या एका बाजूला उतार नीट बसलेला नाही, पाणी साचेल. ऑरिनने पाहिलं असतं तर जेवला नसता. तेवढी एक फेरी मला मारू द्या, मग ड्वेनला मी स्वतः सांगेन.