बोटीनंतरचे दोन दिवस

८ एप्रिल, मंगळवार

बोटीच्या आधी नाही, बोटीनंतर. चला, एवढं तरी ठरलं!

मेहुण्याला पटत नाही. प्रवासाचं ऑफिस त्याचं, तिकिटं त्यानेच काढलेली, त्यामुळे तोंडही त्याचंच चालतं. "दाजी, सगळे आधी दोन दिवस राहतात. शहर बघतात, मग निवांत बोटीवर चढतात. उतरल्यावर कोण राहतं? उतरल्यावर माणसाला घर दिसायला लागतं!" म्हटलं, आम्हाला नंतरच हवंय. "पण का?" मुलांना आवडेल, म्हटलं. फोन ठेवला तर दातांच्या लॅबमध्ये बनवत होतो त्या मेणाच्या कवळीवर अंगठा रुतलेला. परत पहिल्यापासून.

त्याला काय सांगणार? की तुझी बहीण आणि मी वेगळे होतोय, मुलांना अजून माहीत नाही, आणि ते सांगायला आम्हाला दोन दिवस आणि एक परकं शहर हवंय?

कल्पना तिची. "घरी सांगितलं तर ते घर कायमचं त्या दिवसाचं होऊन बसेल," म्हणाली. पटलं. बोटीचे चार दिवस मुलांना सुखाने मिळू देत, दोन वर्षांपासून कबूल केलेत. मग उतरू, त्या शहरात राहू, सांगू. जूनमध्ये ती नव्या गावी जाईल. तिथे छताखालचा मोठा तलाव झालाय, पोहायला शिकवणाऱ्या सगळ्यांची ती मुख्य असणार. थोरली तिच्याबरोबर, बारक्या माझ्याकडे. ठरवताना आवाजही चढला नाही कुणाचा. भांडायला अंगात काहीतरी लागतं.

११ एप्रिल, शुक्रवार

ताईला सांगितलं. सगळ्या नात्यागोत्यात आता तिला एकटीला ठाऊक. मोठी बहीण, त्यामुळे आधी रडली, मग रागावली, मग सल्ला.

"सहलीला नेऊन सांगतात का रे असं? घरी सांग. रडतील, जेवतील, झोपतील. हॉटेलात रडायला जागा तरी असते का?"

हे डोक्यात नव्हतं आलं. संध्याकाळी हिला सांगितलं. म्हणाली, "दोन खोल्या घेऊ. मधे दार असलेल्या." झालं — रडण्याची सोय झाली.

१५ एप्रिल, मंगळवार

आज काही ठरलं नाही. डोकंच चाललं नाही. झोपतो.

१९ एप्रिल, शनिवार

मेहुण्याने नकाशा पाठवलाय, 'बघण्यासारखी ठिकाणं' लाल गोल करून. मुलं शिकवणीला गेल्यावर जेवणाच्या टेबलावर पसरला. तिचे केस ओले, तलावाच्या पाण्याचा वास येत होता. एके काळी त्या वासाने मी वेडा व्हायचो. आता नुसतं कळतं, ही आली.

मी म्हटलं, वस्तुसंग्रहालय. ती म्हणाली, तिथे मोठ्याने बोलू देत नाहीत.

उंच मनोरा? "वेडा आहेस का? थोरली रागाच्या भरात जिने उतरायला लागली तर मागे कोण धावणार? तुझे गुडघे?"

मत्स्यालय? अंधार असतो. कुणाचं तोंड कसं झालंय कळणार नाही.

राजवाडा? तिकिटाच्या रांगेतच बारक्या कंटाळेल. मग वैतागलेल्या मुलाला हे सांगायचं?

शेवटी बाग निघाली. मधे तळं, पायाने चालवायच्या होड्या, भोवती बाकं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर. आदल्या दिवशी नुसतं फिरायचं — शहरभर फिरवून आणणारी ती वरून उघडी बस, कानाला लावायचं यंत्र मिळतं, माहिती ऐकत बसायचं. म्हणजे पहिल्या दिवशी आम्हाला बोलायला नको.

ती हसली. "बोटीवरून उतरून परत होडी!" मीही हसलो. कितीतरी दिवसांत आम्ही दोघांनी मिळून काही इतकं नीट केलं नव्हतं. मग तिने नकाशा मिटला — तिला नकाशाची घडी कधीच जमत नाही, फुगलेलाच राहिला — आणि आत गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

लॅबमध्ये दिवसभर कटकट. दातांच्या डॉक्टरांनी एक कवळी परत पाठवली, 'बोलताना वाजते' म्हणे. घासून दिली. आयुष्य गेलं लोकांना चावता-बोलता यावं म्हणून, आणि स्वतःला एक वाक्य जमत नाही!

पहिलं वाक्य कोणी बोलायचं? ती म्हणते, मी. मी म्हणतो, ती. मी लिहून पाहिलं: "आम्ही एक ठरवलंय." ती म्हणाली, असं म्हटलं की त्यांना वाटेल कुत्रा आणतोय. बारक्या नाचायला लागेल.

खरंच लागेल.

"आम्ही दोघं तुमचेच आहोत" — हे माझं दुसरं. ती म्हणाली, नाटकातलं वाटतं. मग तूच सांग! तर म्हणाली, "तेव्हा सुचेल ते बोलू." पंधरा दिवस बागा आणि बाकं निवडली, आणि बोलायचं मात्र सुचेल ते.

२ मे, शुक्रवार

बॅगा भरणं. पोहण्याचे कपडे, उलटीच्या गोळ्या, बारक्याची दुर्बीण. थोरली कधी नव्हे ते शहाण्यासारखी वागतेय. स्वतःहून बारक्याची बॅग भरून दिली, त्याने तिची कंगवा-पेटी सांडली तरी ओरडली नाही. मी म्हटलं, काय गं, तब्येत बरी आहे ना? "का, बरी नको?" म्हणाली.

मेहुण्याचा फोन. "दाजी, हॉटेलवाल्यांना सांगून ठेवलंय. तुमच्यासाठी एक गंमत आहे!" नको रे बाबा गंमत.

६ मे, मंगळवार. बोटीवर

पाणी. नुसतं पाणी. बघून बघून डोळे शिणतात, पण बरं वाटतं.

बारक्या दिवसभर घसरगुंडीवर. थोरली त्याच्यामागे. आज दुपारी तर ही सुद्धा पोहायला उतरली. तिघांची शर्यत, आणि हिने मुद्दाम हरून दाखवलं! मी काठावर टॉवेल धरून. बोटीचा फोटोग्राफर आला, "जवळ या, जवळ या." आलो जवळ. तिचा खांदा गार होता.

क्षणभर वाटलं — कशाला? चाललंय की. असंच चालवू. मग संध्याकाळी खोलीत आलो आणि तासभर दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत राहिलो. "तुझं झालं?" "हो, तू जा." "नाही, तू जा." बस्स, एवढंच. तेव्हा परत आठवलं, कशाला ते.

९ मे, शुक्रवार. हॉटेल

उतरलो. जमीन अजून हलते.

मेहुण्याची गंमत: आमच्या पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या, पाकळ्यांचाच बदाम, उशीला टेकवलेलं कार्ड — 'पुन्हा नव्याने'. ही दारातच थांबली. बारक्या म्हणाला, "ई! हे झोपताना टोचत नाही?" थोरलीने त्याला दंडाला धरून पलीकडच्या खोलीत नेलं आणि मधलं दार लावून घेतलं.

आम्ही दोघांनी पाकळ्या गोळा केल्या. कचऱ्याच्या डब्यात मावेनात. ती म्हणाली, "भावाला वाईट वाटेल रे. त्यालाही सांगायला हवं." सांगायच्या माणसांची रांग लांबतच चालली आहे. उद्या बस. परवा बाग. मी इतका दमलोय की परवा व्हायच्या आत संपावं असं वाटतंय सगळं.

१० मे, शनिवार

बागेपर्यंत गेलंच नाही.

बसच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो, मुलं पुढच्या बाकावर, आम्ही मागे. ऊन बरं होतं. कानात एक बाई कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होती. बारक्या एकदम मागे वळला. कानातलं तसंच, त्यामुळे केवढ्याने ओरडला —

"बाबा, तुम्ही आम्हाला इथे सांगणार की घरी गेल्यावर?"

मागच्या रांगेतली माणसंसुद्धा बघायला लागली. मी म्हटलं, "काय सांगणार?"

"वेगळं राहणार आहात ते!"

थोरलीने त्याच्या कानातलं ओढून काढलं. "गप्प बसायचं ठरलं होतं ना आपलं!"

"तू म्हणालीस शहरात सांगतील. हे शहर आहे की!"

हिने माझा हात धरला. कधी धरला कळलंच नाही. म्हणाली, "कधीपासून माहीत आहे?"

थोरली पुढे बघतच बोलली. "तू फोनवर शाळेची चौकशी करत होतीस. त्या तलावाच्या गावातल्या. म्हणालीस, एकाच मुलीचा प्रवेश हवाय. मग तिकिटांवर बोटीनंतरचे दोन दिवस दिसले, तेव्हा ओळखलं, इथे सांगणार." मग वळली. डोळे कोरडे. "वेगळे व्हा तुम्ही. ते कळलंय आम्हाला. दोघं किती दमलेले असता! पण आम्हाला का वाटून घेताय?"

मी काहीतरी म्हणालो — बारक्याची शाळा, त्याचे मित्र, सुट्टीत भेटालच की. तिने पुरतं बोलूही दिलं नाही.

"आम्ही तुमच्यापेक्षा जास्त भांडतो, बाबा. रोज भांडतो. तरी आम्हाला वेगळं व्हायचं नाहीये. कुठेही ठेवा. पण एकत्र."

बारक्या म्हणाला, "मी बोटीवर रडून घेतलं. दीदीने सांगितलं, इथे रडायचं नाही, नाहीतर ते आपलं ऐकणार नाहीत, नुसते जवळ घेतील."

आणि मग त्यांची आई रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर, बसच्या वर, नाक पुसायला काही नाही म्हणून माझ्या बाहीला. उतरायचं कुणाला सुचलं नाही. बस फिरून मूळ जागी आली, माणसं बदलली, परत निघाली. शहर दोनदा पाहिलं. विचाराल तर एक इमारत आठवत नाही.

११ मे, रविवार

तरी बागेत गेलो. दुसरं करणार काय? मुलं होडीत बसली. बारक्या पायडल मारत होता, थोरली नुसती हुकूम सोडत होती, आणि होडी एकाच जागी गोल फिरत होती. काठापर्यंत भांडण ऐकू येत होतं.

आम्ही बाकावर. किती बघून बघून निवडलेलं बाक! एक पाय लंगडा निघाला.

ती म्हणाली, "नोकरीला नाही म्हणून कळवते. मी घराजवळच खोली घेते. मुलं दोन्ही घरांत राहतील."

आणि ती खरंच कळवेल, हे मला दिसलं. कळवेल, कधी बोलूनही दाखवणार नाही, आणि परत त्या जुन्या गळक्या तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभी राहील. मला ती तशी नकोय. नवरा म्हणून नाही — आता ते राहिलं नाही — पण वीस वर्षं ओळखतो ना मी तिला.

"कळवू नकोस," म्हटलं.

"मग?"

"थांब जरा. मला विचार करू दे."

होडीवाल्याने शिट्टी मारली, वेळ संपली म्हणून. मुलांना काठाला येता येईना. शेवटी त्याने लांब आकडीने ओढून आणलं दोघांना.

घरी परतताना गाडीत बारक्या माझ्या मांडीवर झोपला. नऊ वर्षांचा घोडा, पाय पार पलीकडे बहिणीच्या अंगावर. तिने हलवले नाहीत. पाय बधिर झाला माझा. मीही हललो नाही.

१३ मे, मंगळवार

दोघंही तिच्याबरोबर जाणार. मीच म्हणालो. सकाळी, ती चहा गाळत होती तेव्हा.

ती गाळणी हातात घेऊन तशीच उभी. "नक्की?"

म्हटलं, "आज विचारतेस तर हो. उद्या विचारू नकोस."