पशुधनाच्या पत्राबद्दल खुलासा

एर्लांगेन,
रविवार, १६ नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप विभावरीवन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या तो फक्त कागदावर.) तुमचं कार्ड मार्चमध्ये मिळालं आणि उत्तर आज लिहिते आहे. तुमच्यासारख्या पोस्टात तेहेतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आठ महिन्यांचा उशीर टपालखात्यावर ढकलून सांगता येत नाही, म्हणून सरळ माफी मागते. चार खर्डे केले होते, चारही मला पटले नाहीत. तुमचे गुडघे कसे आहेत? मूर्तिजापुरात थंडी पडली का? तुमचे बंधू बरे आहेत. सायकलवरून ऑफिसला जातात आणि हेल्मेट डब्याच्या पिशवीत ठेवतात.

माझा शनिवारचा वर्ग चालू आहे. तुम्ही मागे विचारलं होतं, पुण्यात स्पॅनिश शिकलेली बाई जर्मनीत स्पॅनिश लोकांच्या मुलांना स्पॅनिश काय शिकवते? प्रश्न रास्त आहे, मलाही अधूनमधून पडतो. ही मुलं घरी आईबापांशी स्पॅनिश बोलतात, पण शाळा सगळी जर्मन, त्यामुळे लिहिता येत नाही आणि बोलतानाही लाजतात. पूर्वी मी त्यांच्या चुका काढत असे. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात मला कळलं की हे चूक आहे. (म्हणजे चुका काढणं.) आता प्रत्येक मुलाने आजीच्या तोंडचं एक वाक्य आणायचं, ते भिंतीवर लावायचं, आणि आम्ही विचारतो: असं कोण बोलतं, कुठे बोलतं, याला कोण हसतं, आणि हसायचा हक्क त्याला कुणी दिला? मुलं या चर्चेत फार रमतात. लाल पेन मी वर्गात काढत नाही. ते कोटाच्या आतल्या खिशात असतं.

परवा शुक्रवारी एल्टर्नआबेंड, म्हणजे पालकसभा, होती. मी पाऊण तास बोलले. घरची बोली हे मुलाचं अंगण आहे, तिथे आपण झाडू घेऊन उभं राहू नये, वगैरे. (अंगणाचा दाखला मला स्वतःला फार आवडला होता, तोही आता तपासून पाहायला हवा.) पालक टिपणं घेत होते. मग एल्मेर नावाचे पेरूचे एक गृहस्थ उठले. बिचारे अगदी मनापासून म्हणाले, "बाई, तुमच्या घरी हे कसं जमवता?" मुक्ता मागच्या रांगेत ब्रेत्सेल खात बसली होती. मी म्हटलं, मुलीलाच विचारा.

मुक्ता उभी राहिली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "आईशी मी मराठी बोलत नाही. ती तपासते."

मागून एक बाई "गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. कुणाबद्दल म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

घरी येताना बसमध्ये बाकीचं कळलं. फेब्रुवारीत मुक्ताने तुम्हाला पत्र लिहिलं होतं. ते मी फक्त स्वच्छ करून पाठवलं. म्हणजे पुन्हा लिहिलं. "आपले पशुधन कुशल असेल अशी आशा आहे" हे वाक्य माझं आहे, वन्सं. तुमचं कार्ड आलं, "पोरीनं लिहिलं का तहसीलदारानं? पोरगी बरी आहे नं?" ते मुक्ताने वाचलं. माझी करामत तिला तेव्हा माहीत नव्हती. तिने धरलं की आत्या आपल्या मराठीला हसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त जर्मन बोलते (मी समजत होते, तेरावं वर्ष), आणि डिसेंबरात मूर्तिजापूरला येणार नाही म्हणते. तुम्हाला कबुली देणारे माझे चार खर्डे गेल्या महिन्यात तिच्या हाती लागले तेव्हा तिला खरं काय ते समजलं. पण येणार नाही ते नाहीच. म्हणते, आत्याला माझं पत्र कुठे मिळालंय, तिला तुझंच मिळालं.

मी तुमच्या बंधूंना म्हटलं, अहो, तुम्हाला हे ठाऊक होतं? म्हणाले, "हो." मग सांगितलं का नाही? म्हणाले, "आल्झो (म्हणजे 'तर'), आधी नीट वाक्य तयार करत होतो."

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
ऊर्मिला

ता. क. सोबत मुक्ताचं मूळ पत्र जोडलं आहे. मी ते फाईलमध्ये जपून ठेवलं होतं, ही माझ्या बाजूची एकुलती एक गोष्ट. "आत्या, तुझी काळी गाय अजून लाथ मारते का? मले तिची लय आठवण येऊन राहिली. इथे कोणी लाथ मारत नाही, सगळं लांगवाइलिग आहे." शेवटच्या शब्दाचा अर्थ कंटाळवाणं, पण तो तुम्हाला गायीवरून कळलाच असता. याला उत्तर द्या. मला नको, तिला द्या, आणि तुम्ही बोलता तसंच लिहा. आमचं विमान वीस डिसेंबरला आहे.

ता. क. २. त्या पत्रावर दोन ठिकाणी पेन्सिलीच्या पुसट खुणा दिसतील. त्या आज सकाळच्या आहेत. खोडल्या आहेत.

ता. क. ३. तिसरी आता खोडली.

उद्या: पाकीट मुक्ताकडून बंद करून घेणे.