एकोणपन्नास काड्यांची पेटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने सांगून लिहवत आहे. माझा हात कापतो म्हणून अक्षर पत्नीचे आहे. मजकूर आणि हट्ट माझा.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला, तिच्यानंतर मुलाला. मुलाने बाहेरची खोली खुशाल रंगवावी; मात्र खिडकीशेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या शाळेतल्या कवितांच्या ओळी पुसू नयेत. दाढी करताना मी त्या चालीवर म्हणत असे. त्यापायी दोनदा गाल कापून घेतला आहे.

२. भिंग, लाल पेन्सिली आणि शब्दकोश नातीला. ती मला मोबाइलवर जे लिहून पाठवते, ते पाहता कोशाची निकड आहे.

३. भिंतीवरील लंबकाचे घड्याळ मुलाला. ते बावीस वर्षे बंद आहे. दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, मी कोणाला हात लावू दिला नाही. कारण विचारू नये.

४. जाहिरातीच्या जुन्या काडेपेट्या, एकूण सहाशे बारा, बुटांच्या सतरा खोक्यांत. साबण, चहा, केसांचे तेल, विमा, आणि आता गोदामे झालेली चित्रपटगृहे. मी जन्मात विडी ओढली नाही, पण या पेट्यांसाठी सिगारेटच्या दुकानांपुढे तासन्‌तास उभा राहिलो. वडील वारले ते संशय मनात ठेवूनच. हा संग्रहही नातीला. मुलाला देत नाही. "बाबा, हे पेटलं तर आपण सगळे जाऊ," एवढेच रसग्रहण त्याने आजवर केले आहे.

५. त्यांतील सायकल कंपनीची पेटी वेगळी धरावी. तिच्या पाठीवर छापले आहे:

चाक फिरे अन् वाट पळे,
घर येता मग ऊन ढळे.

कवीचे नाव नाही. पाठ्यपुस्तकात असत्या तर मुलांनी या ओळींवर दहा गुणांचे उत्तर लिहिले असते. पेटीत पन्नास काड्या होत्या, बावीस वर्षांपूर्वी एकोणपन्नास झाल्या. माझा शाळेपासूनचा मित्र घड्याळजी, पक्का विडीबाज, त्याच आठवड्यात ती हातात घेऊन बसला होता. काडी त्यानेच ओढली. सबब माझ्या मालमत्तेतील काहीही त्याला मिळू नये, आणि मी गेल्याचेही त्याला तिऱ्हाइताकडून कळावे.

येथे पत्नीने पेन खाली ठेवले.

"तुमचं भांडण काडीवरून आहे?"

घरात मी आजवर 'विश्वासघात' एवढाच शब्द वापरला होता. काडी म्हणायची लाज वाटत होती.

"ती काडी मी ओढली," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी माळ्यावर चढला होतात, शाळेतलं कवितांचं पुस्तक शोधायला. कुठलीशी ओळ अडली होती. वरून ओरडलात, अंधार आहे, उजेड दे. टेबलावर जी पेटी दिसली ती घेतली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, काहीतरी मोठं असेल."

ओळ सापडल्याचे मला चांगले आठवते. कोणत्या उजेडात सापडली, ते पाहिले नव्हते. चाळीस वर्षे इतरांच्या चुका शोधून पगार घेतलेल्या माणसाने ही चूक येथे नोंदवणे भाग आहे.

६. कलम पाचमधील घड्याळजीविषयीचा मजकूर रद्द. खाडाखोड करू नये, वाचता यावा. ती पेटी त्याच्या नावे ठेवावी असे मनात आले. पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात, आणि मला तो साक्षीला हवा आहे. मला हाफपँटीत पाहिलेला दुसरा माणूस आता उरलेला नाही. पत्नीने निरोप धाडला आहे. आला तर पेटी हयातीतच त्याच्या हातात देईन. न आल्यास दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी राहील व हे मृत्युपत्र कच्चे ठरेल. त्याचा दोष त्याला लावू नये.

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार.

मृत्युपत्र करणार: (सही, कापऱ्या हाताची पण स्वतःची)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरील डॉक्टर. (सही) सांगणारा शुद्धीत आहे.
२. घड्याळजी. (सही) कलम पाच दोनदा वाचले. पेटी मिळाली. काड्या सादळलेल्या नाहीत. आता अठ्ठेचाळीस.

वेळ: अकरा वाजून वीस मिनिटे, भिंतीवरील घड्याळाप्रमाणे.